दोन कोंबड्यांची कॅसेट

जळगाव,
गुरुवार, २ फेब्रुवारी १९९५

चि. मंदास सप्रेम जयभीम.

गेल्या रविवारी नळ साडेपाचलाच आला. दोन हंडे आणि टाकी भरेपर्यंत उजाडलं. मग अंगण झाडलं, कळण्याच्या भाकरीचं पीठ मळून ठेवलं आणि मागच्या दारी तुरीच्या काड्या पेटवून भरताची तीन वांगी भाजायला टाकली. विशू उठली ती थेट टीव्हीपाशी. आधी दात घास म्हटलं, तर एका हाताने दात घासत होती आणि दुसऱ्या हाताने गेमची वायर लावत होती. त्या सकाळचं तुला सांगायचं आहे. चार दिवस रोज कागद घेते, आणि रोज तो बाजूला ठेवून भाजी निवडायला बसते.

बाकी इकडे बरं आहे. थंडीने माझा गुडघा दुखतो तेवढाच. विशूची चौथीच्या चाचणीत गणितात एकच चूक निघाली, तीही घाईने केलेली. तुझी दवाखान्यातली रात्रपाळी संपली का? जेवण वेळेवर करत जा. पेशंटला सांगतेस ते स्वतः करत नाहीस.

सव्वीस जानेवारीला तू गेमची नवी कॅसेट देऊन गेलीस. तू बसमध्ये बसली असशील-नसशील, विशूने दुसरा रिमोट माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मला जुना खेळ येतो, हा नको. ती म्हणाली, जुना तरी कुठे येत होता. ते खरं आहे. जुना मी फक्त पाहिलेला.

देवचंदने अठ्ठ्याऐंशी साली सुरतेहून मशीन आणलं, त्याबरोबरचा तो कंदीलवाल्याचा खेळ तुला आठवत असेल. एक माणूस कंदील घेऊन डावीकडून उजवीकडे चालत राहतो, खड्डे आणि विंचू चुकवत. दोघांना खेळता यायचं, पण आळीपाळीने. एकाचा माणूस मेला की दुसऱ्याची पाळी. हे डाळ मिलमधून यायचे, अंगावरची धूळ झटकायचे आणि लेकाची पाळी कधी संपते म्हणून बसून राहायचे. मर रे लवकर, म्हणायचे. आपण सगळे हसायचो.

त्या खेळात मागे जाता येत नव्हतं. पडदा पुढे सरकला की डावीकडे जणू भिंत. कंदीलवाल्याने मागे वळून कितीही धडका मारल्या तरी तिथल्या तिथे पाय हलवत राहायचा. आणि तिन्ही लाइफ संपल्या की पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून. हे गेल्यावर देवचंद तरीही दोघांचाच खेळ लावायचा आणि रिमोट बदलून दोन्ही पाळ्या स्वतः खेळायचा. तू त्याला कधी टोकलं नाहीस, मीही नाही. दोन वर्षांनी कावीळ होऊन तोही गेला, तेव्हा मी मशीन जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर टाकलं. विशूनेच ते पुन्हा काढलं.

म्हणून नव्या खेळाकडे मी जरा रागानेच बघत होते. मशीन तेच, पण रंग किती! मागचे डोंगर हळू सरकतात आणि पुढची झाडं भराभर, बसच्या खिडकीतून दिसतात तशी. दोन कोंबड्या आहेत. काबरी विशूची, पांढरी माझी. पळायचं, उड्या मारायच्या, दाणे टिपायचे. कोंबडी खड्ड्यात पडली तर तिथल्या तिथे पुन्हा उभी राहते. एक टप्पा संपला की पडद्यावर आकडे येतात. ते वहीत लिहून ठेवले की दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू. मी म्हटलं, ही तर लबाडी झाली, कंदीलवाल्याला असे आकडे कोणी दिले नाहीत. विशू म्हणाली, त्याच्याकडे वही नव्हती.

कंदीलवाल्याचा खेळ खरा आणि हा पोरखेळ, असं मी तिला ऐकवलं. तरी एक गोष्ट मला यात फार आवडली. यात मागे जाता येतं. तुला माझी सवय माहीत आहे. अक्षरं मी मिलच्या गोण्यांवरून शिकले, विहाराच्या कपाटातली पुस्तकं एकेक करून वाचली, पण कुठलंही पान एकदा वाचून माझं भागत नाही, उलटून मागचं बघतेच. खेळातही तेच केलं. सुटलेला दाणा दिसला की माझी पांढरी कोंबडी निघाली मागे.

तर रविवारी असंच चाललं होतं. काबरी उजव्या कडेला पुलाजवळ पोचली होती आणि मी डाव्या कडेला दाणे टिपत होते. पडदा हलेना. विशू बटण दाबतेय, काबरी जागच्या जागी पाय हलवतेय. मला वाटलं, मशीन बिघडलं. कॅसेट काढून फुंकर मारायला मी उठलेच होते.

"आजी, तू मांगे उभी शे ना, म्हनीसन पडदा सरकत नही," ती म्हणाली. रागावली नव्हती, मला समजावत होती.

दोघी एकदम खेळतात, पण पडदा एकच. एक मागे राहिली तर दुसरीलाही पुढे जाता येत नाही. कंदीलवाल्याच्या खेळात असं नव्हतं. तिथे एकाने दुसऱ्याला अडवलं नाही, नुसती वाट बघितली.

मी खाली बसले. विशू आपली बोलतच होती. गुरुजी म्हणालेच होते, आजीला दोन-तीनदा सांगावं लागेल. मी विचारलं, कोण गुरुजी? तिने जीभ चावली. मग हळूहळू सगळं सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत ती तुझ्याकडे धुळ्याला होती, तेव्हा लोटन गुरुजी भेटले. घरी तुझ्याबरोबर कोण खेळतं, असं त्यांनी विचारलं. आजी बसते पण खेळत नाही, असं हिने सांगितलं. मग दोघींना बरोबर खेळता येईल अशी कॅसेट शोधू, म्हणाले, आणि तीन महिन्यांनी शोधून आणली. म्हणजे ती कॅसेट माझ्यासाठीही होती. तू मला हे सांगितलं नाहीस. तुला सांगायला मी जागाच कुठे ठेवली होती!

आता लिहितेच. दिवाळी झाल्यावर गुरुजींची बहीण केसरबाई शिंदखेड्याहून माझ्याकडे आल्या, गुरुजींसाठी तुला मागणी घालायला. चांगल्या बोलल्या. मंदाबरोबर विशूही आमच्या घरची, म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याकडे बाईने दुसरं घर केलं की पोर बापाच्या घरी राहतं. ती जुनी रीत आमच्या ह्यांनी कधी मानली नाही. मला गरज पडली तेव्हा बरोबर आठवली. केसरबाईंनी विचारलं, पोरीचं काय म्हणणं आहे? मी सांगितलं, पोर तयार नाही, नुसतं नाव काढलं तरी रडते.

मंदा, मी विशूला विचारलंच नव्हतं.

केसरबाईंनी तुला तसंच सांगितलं असणार. आठ दिवसांनी तुझं पत्र आलं, मला लग्न करायचं नाही. ते मी दोनदा वाचलं आणि मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायलाच चार दिवस लागले. तेव्हापासून तू पत्रात ह्या सासूला आत्या लिहीत नाहीस, विशूच्या आजीस, असं लिहितेस. तुला संशय आला होता, तरी तू मला विचारलं नाहीस. नवऱ्यामागे मी लेक गमावला, तसा तू नवरा गमावलास, हे मला माहीत होतं. तरी माझं दुःख तेवढं मोठं, असं धरून मी बसले.

रविवारी मी तिला विचारलं. विशू, तुला आईजवळ राहायचं आहे का, धुळ्याला? तिने खेळ थांबवला. रिमोटची वायर बोटाला गुंडाळली.

"माले जानं शे," ती म्हणाली. "पन तू रडशी."

"थोडी रडेन," मी म्हटलं. "मग उठून पाणी भरेन."

ते तिला पटलं असावं. मशीन मात्र इथेच राहील, असं तिने बजावलं. धुळ्याला नेलं तर आजी सराव कशावर करणार, आणि सुट्टीत ती आली की कोणाबरोबर खेळणार? मग म्हणाली, चल आता, पुलापर्यंत ये. मी तीनदा खड्ड्यात पडले आणि तीनदा उठले. चौथ्यांदा पांढरी कोंबडी पुलावर चढली आणि पडदा सरकला. टप्पा संपल्यावर आलेले आकडे मी सांगितले, तिने वहीत लिहिले. तोवर वांगी जळून गेली होती. भाकरी लोणच्याशी खाल्ली.

लोटन गुरुजींना माझा जयभीम सांग. म्हणावं, चार वेळा सांगावं लागलं. केसरबाईंना मी वेगळं पत्र लिहिते आहे. खोटं मी बोलले, ते मीच त्यांना सांगेन. तू लग्न कर किंवा करू नकोस, तो विचार तुझा. पण विशूचा नकार आहे असं समजून ठरवू नकोस. आणि माझ्यासाठी तर मुळीच थांबू नकोस. एप्रिलमध्ये मी स्वतः तिला घेऊन येईन. तुझी खोली मी अजून पाहिलेली नाही.

सोमवारी अकरा वाजता मी विशूच्या शाळेत गेले आणि वार्षिक परीक्षेनंतर तिला शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, असा अर्ज माझ्या हाताने लिहून देऊन आले.

तुझी आत्या,
झुंबरबाई