चष्मेवाल्याची ओळख

३ जून
निश्चय झाला. मी एक्कावन्न, तो तेहतीस. लोकांनी वजाबाकी करत बसावं, मला वेळ नाही. शाळेची उपमुख्याध्यापिका आहे मी. वर्गच्या वर्ग उभा करून खरं बोलायला लावते. आता सगळ्यांना त्याची रीतसर ओळख करून द्यायची. सुरुवात नणंदेपासून.

५ जून
नणंद वरच्याच मजल्यावर राहते. हे गेल्यापासून रोज डोकावते. आज आली तेव्हा तो माझ्या चष्म्याचा स्क्रू पिळत बसला होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, तिथेच जमलं आमचं. नणंदेने विचारलं, हे कोण? मी म्हटलं, प्लंबर.
का म्हटलं, देव जाणे. हातातला स्क्रूड्रायव्हर दिसला असेल. एवढासा स्क्रूड्रायव्हर, असं नणंद म्हणाली खरी, पण त्याला आपल्या मोरीचा नळ बघायला वर घेऊन गेली. बाह्या भिजवून परत आला. हसत होता बिचारा.
घाबरले वगैरे नाही. मूड नव्हता तिचा, इतकंच.

११ जून
सिनेमा. इंटरव्हलला स्टाफरूममधल्या दोघी समोर. त्याने माझा हात धरला होता, तो सोडवला आणि म्हटलं, भाचा. बहिणीचा की भावाचा, एकीने गोड आवाजात विचारलं. मी एकुलती एक आहे, हे दोघींनाही ठाऊक.
उरलेला सिनेमा त्याने हाताची घडी घालून पाहिला. पॉपकॉर्न मीच संपवलं. बाहेर आल्यावर विचारलं त्याने, माझी लाज वाटते का तुला? छे, म्हटलं. संयमावर लेक्चर दिलं.
त्याची नाहीच वाटत. पण दुसऱ्या कुठल्या बाईला असं पाहिलं असतं, तर आठवडाभर मीच स्टाफरूममध्ये हसले असते. हे लिहायला नको होतं.

१९ जून
लेक रविवारी येतेय, नोकरीच्या गावाहून. शिकलेली मुलगी, समजून घेईल. खरं तर आधी तिलाच सांगायला हवं होतं, म्हणूनच तर बाकीच्यांपाशी अडलं माझं. भाषण पाठ केलंय. त्याला चार वाजता बोलावलंय. तो म्हणाला, या वेळी मी काही बोलणार नाही, तूच सांगायचं. म्हटलं, बघच तू.

२२ जून, संध्याकाळ
बेल वाजली. लेकीनेच दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं. बूट काढून आत आला. लेकीने माझ्याकडे वळून विचारलं, आई, कोण हे?
तो माझ्याकडे बघत उभा राहिला. भाषणातलं पहिलं वाक्यही आठवेना. मी म्हटलं, घर चुकलेलं दिसतंय त्यांचं.
तो सॉरी म्हणाला. खाली बसून बूट घातले, सावकाश. एकेक लेस बांधत होता, मध्येच थांबत होता. मला वेळ देत होता, हे कळत होतं मला. मी सोफ्याचं कव्हर नीट करत राहिले. मग गेला.
फोन उचलत नाहीये. का उचलेल? चारचौघांत ज्याला ओळख देत नाही, त्याने माझ्याशी कुठल्या नात्याने बोलायचं? स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती.
लेकीने चहा केला. कप माझ्यासमोर ठेवत म्हणाली, आत्याने केव्हाच सांगितलं होतं मला. त्यांनाच भेटायला आले होते मी, आई.
मी म्हटलं, चहात साखर घालायची राहिली वाटतं.
घातली होती.