घरचा खड्डा घरच्याच हातानं

प्रिय एर्सिलिया,

परवा सकाळी चुलीवर कॉफी ठेवली होती आणि एकाएकी कानात शंख वाजला. आता कुठला शंख! गावाला हाक देणारा तोरिबिओ जाऊन वीस वर्षं झाली, आणि त्याचा शंख त्याच्या नातवानं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली अडकवून ठेवलाय. पण मला आपल्या लहानपणीचा तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला. आधी एक लांब, घोगरा सूर, म्हणजे कोन्विते आहे, प्रत्येक घरातून एक माणूस हातभाराला या. मग दोन आखूड हुंकार, म्हणजे येताना दोर आणा, संडास हलवायचा आहे. आई लगेच म्हणायची, "चला, आणखी एका घराचं पोट भरलं!" आणि आपण दोघं अनवाणी धावत सुटायचो. भरलेल्या खड्ड्यावरची ती लाकडी खोली आठ माणसं खांद्यावर घेत आणि नव्या खड्ड्याकडे अशी डुलत निघत की सान आंतोनिओची मिरवणूकच. "आत कुणी बसलंय का बघा रे आधी!" "बसू दे, सरपंचीण असेल, तिला चालायचा कंटाळा!" मग सगळ्यांना मोठ्या पातेल्यातलं मांस-कंदांचं सांकोचो, आणि शेवटी घरच्या कर्त्या पुरुषानं एकट्यानं जुना खड्डा बुजवायचा. राख, चुना, मग तांबडी माती गळ्यापर्यंत, पायानं तुडवून, आणि वर केळीचं एक रोप. खणायला कुणीही चालतो, पण घरचा खड्डा घरच्याच हातानं बुजवायचा, हा आपल्या लोमा पार्दाचा रिवाज. आपली घाण परक्याकडून झाकून घेतली तर घराला लागते म्हणायचे.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही म्हणून रागावली असशील. आजारी नाही मी. गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे. तू पाठवलेलं संडासाचं ते पांढरंशुभ्र भांडं बंदरावरून सुखरूप आलं. ते पुढच्या खोलीत, आईच्या खुर्चीच्या जागी ठेवलंय. पहिल्या आठवड्यात अर्धं गाव बघून गेलं. म्हातारी प्राक्सेदेस त्याला हात लावून म्हणाली, "यात मी रविवारचं पीठ मळीन, त्यात बसायचं काय मेल्यांनो!" परवा ठिपक्यांच्या कोंबडीनं त्यात अंडं घातलं. टाइल्स, नळ, पाण्याची टाकी, सगळं आलंय. सरकारी मलवाहिनी मात्र अजून हमरस्त्यालाच थांबलीय. दर निवडणुकीला एक माणूस येऊन आपल्या दारावर खडूनं आकडा लिहून जातो, आणि पुढच्या पावसात तो धुऊन जातो. तेव्हा मागच्या अंगणात खोल टाकी खणल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि तू तिन्ही पत्रांत तेच लिहिलं आहेस: खड्डा खणायला कुणीही लाव, पण हैतीवाल्याचा हात लागता कामा नये. तिसऱ्या पत्रात तर त्याखाली दोन रेघा मारल्यास. गवंडी विल्फ्रिदोला मी ते सांगितलं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "डॉन लेओ, या डोंगरात वीस वर्षं दुसरं कुणी खणतंय का? का तुमच्या कविता खणणार?" मी त्याला थांब म्हणालो. दोन महिने तो थांबलाय, आणि मीही. तुझ्या त्या एका ओळीला उत्तर द्यायचं, तर मला पार मागं जावं लागतं.

तुझ्या मनात असं आहे, की दुःखापायी मी या घरात पुन्हा कधी संडास होऊ दिला नाही. आईलाही तसंच वाटायचं. त्या दिवसानंतर मीच नवा खड्डा भरून टाकला, खोलीची लाकडं चुलीत घातली, आणि चव्वेचाळीस वर्षं हे घर ओढ्याकाठी गेलं. तू न्यूयॉर्कला गेलीस, सुटलीस. आई नाही सुटली. सत्तरीपर्यंत ती पहाटे अंधारातच ओढा उतरायची, कुणी बघू नये म्हणून. मग एका पावसाळ्यात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तुला मी कळवलं होतं की चर्चच्या पायरीवरून पडली. खोटं होतं ते. दोन तास ती काठावर चिखलात पडून होती, कपडे सावरलेले नव्हते, आणि लाजेपायी तिनं हाक मारली नाही. मी शोधत गेलो तेव्हा म्हणाली, "आधी तोंड फिरव." पुढची नऊ वर्षं मी तिच्यासाठी पत्र्याचा डबा ठेवला. तो घेऊन ओढ्याकडे निघालो की कट्ट्यावरची मंडळी ओरडायची, "कविराज निघाले! आज किती कडवी झाली?" मी हसून टोपी काढायचो. शाळेत शिकलेल्या कविता मनात म्हणत उतरायचो, म्हणजे वास यायचा नाही. ओनेइदाबाई सांगायच्या, पाठांतर माणसाला कुठूनही उचलून नेतं. खरं सांगायच्या. मला तर नको तिथूनही उचलून नेलं.

ओदिलोन, ज्या हैतीवाल्याला सगळं गाव नुसतं मुसू म्हणायचं, तुला कसा आठवतो, मला ठाऊक आहे. तुला फक्त शेवटचा दिवस आठवतो. मला आधीचे चार आठवतात. आपला नवा खड्डा त्यानं चार दिवसांत खणला, बारा हात खोल, भिंती अशा सरळ की सुरीनं कापल्यासारख्या. बेल्किस काठावर पोटावर पडून त्याला पेरू टाकायची आणि तो खालून एकेक झेलायचा. चुकला तर ती टाळ्या पिटायची. "मुसू, वर ये ना!" "कसा येऊ, मला तर बेडूक व्हायचंय!" त्यानं तिला पपईच्या देठाची पिपाणी करून दिली होती. आई म्हणाली, फेकून दे ती, त्यांच्या हातचं तोंडात घालू नये. तिनं फेकली नाही, उशीखाली लपवली. ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुझी लेक पाच वर्षांची होती, तिचा बाप केव्हाच शहरात गडप झालेला, आणि तिचे लाड करणारं माणूस म्हणजे मीच, असं मी मानत होतो.

सव्वीस फेब्रुवारीला दुपारी खोली नव्या खड्ड्यावर चढली. जेवणं झाली, माणसं गेली. ओदिलोनही गेला. जाताना फावडं माझ्या हाती देऊन म्हणाला, "डॉन लेओ, माती ओली आहे, नीट तुडवा. उद्या सकाळी पुन्हा एकदा भरा, ती बसते." त्याला इथला रिवाज ठाऊक होता, म्हणून त्यानं हात लावला नाही. मी घरचा कर्ता. आणि मी काय करत होतो? दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला शाळेत मला कविता म्हणायची होती. चौतीस वर्षांचा घोडा मी, पण ओनेइदाबाईंनी जुना विद्यार्थी म्हणून बोलावलं होतं, आणि नव्या मास्तरीणबाई पहिल्या रांगेत बसणार होत्या. समुद्रावरची ती लांब कविता. एक कडवं मला पुनःपुन्हा चुकत होतं. मी चार फावडी राख टाकली. मग तोंडावर ताडाची वाळलेली पानं आडवी घातली, वर वीतभर माती पसरली, हातानं थापली. दिसायला अगदी बुजवलेलं दिसत होतं. बाकीचं उद्या, असं म्हटलं. बेल्किस बघत उभी होती. मी केळीचं रोप मधोमध खोचलं आणि तिला म्हणालो, हे तुझं झाड. रोज पाणी घालायचं, मग बघ कसं भराभरा वाढतं. आणि नदीवर जाऊन मोठ्यानं कविता म्हणत बसलो.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण मी एकदाच लिहितो. तू माझी कविता ऐकायला आली होतीस, निळ्या झग्यात. बेल्किसला ताप होता म्हणून तिला आईजवळ ठेवलं होतं. ते कडवं त्या दिवशी मला चुकलं नाही. सगळ्यात जास्त टाळ्या तूच वाजवल्यास. त्याच वेळी ती दुधाच्या डब्यात पाणी घेऊन आपल्या झाडाकडे गेली होती. आपण आलो तेव्हा केळ आडवी झाली होती, काठावर डबा होता, आणि आईला अजून वाटत होतं की ती आत झोपलीय.

तोरिबिओनं अंगणात सगळ्यांसमोर विचारलं, "खड्डा कुणी बुजवला?" कुणीतरी म्हणालं, "तो मुसू काल होता ना इथं?" तोरिबिओनं माझ्याकडं पाहिलं. एर्सी, मी मान हलवली. एवढंच केलं असतं, तर मागं घेता आलं असतं. पण त्यानं विचारलं, "रिवाज सोडून त्याच्या हाती का दिलास?" तेव्हा मी बोललो. म्हणालो, त्यानं हात जोडले, म्हणाला डॉन लेओ, तुम्ही कविता पाठ करा, एवढं मी करतो, मला दया आली. इतकं सुरेख जमलं ते, की आई रडतारडता म्हणाली, "माझ्या पोराचं मनच मोठं." गावकऱ्यांनी ओदिलोनला त्याच्या झोपडीतून ओढत आणलं. त्याच्या फावड्याच्या दांड्यानं त्याची बोटं मोडली, एकेक करून, आणि तोरिबिओ मोजत होता. त्याची बायको सातव्या महिन्यात होती, ती अंगणाच्या दारात वाकून ओरडत होती. तो ओरडला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "डॉन लेओ, सांगा ना यांना. मी जाताना तुम्हीच होतात." आणि तू दगड उचललास. तुझा नेम मला अजून दिसतो. संध्याकाळी दोघांना ट्रकमध्ये घालून सीमेपलीकडं सोडून आले. पुढे काय झालं कुणाला ठाऊक नाही. मी कधी विचारलंही नाही. तुला ज्या हाताचा स्पर्श नको आहे, बाई, तो हात माझा आहे. त्याच हातानं तुला तेव्हापासून पत्रं लिहीत आलोय.

हे सगळं मी न सांगताच मेलो असतो, खरं सांगतो. पण परवा कॉफी उतरवली आणि दारात विल्फ्रिदो उभा, न सांगता एका खणणाऱ्याला घेऊन. पन्नाशीचा माणूस, दाढी पिकलेली, अदबीनं बोलणारा. मी त्याला हाकलणार होतो, पण नुसतं हाकलता आलं असतं ना? मी त्याला बसवलं आणि गोष्ट सांगितली. तुमच्यातल्या एकानं माझी भाची कशी मारली ते. कुणी विचारलं नव्हतं, एर्सी. केळीचं रोप सांगितलं, दुधाचा डबा सांगितला, कुठं थांबायचं आणि कुठं आवाज खाली आणायचा तेही मला येत होतं. विल्फ्रिदोचे डोळे भरून आले. तो माणूस उठला, टोपी काढून छातीशी धरली आणि म्हणाला, "आमच्या लोकांच्या वतीनं माफी मागतो, बाबा." आणि मी त्याला माफ केलं. खांद्यावर हात ठेवून माफ केलं. तो गेल्यावर मी आत येऊन कागद काढला. तीन दिवस लिहितोय. हे आत्ता पोस्टात टाकणार, तोच खाली मोटरसायकल थांबली, आणि अंगणातून हाक येतेय, "दादा! मेलास की जिवंत आहेस? तीन-तीन पत्रं लिहिली, मुडद्या! उघड दार, सतरा तास झाले प्रवासाला, आणि आधी सांग, जायचं कुठं?" तू ख्रिसमसला येणार होतीस ना गं? कडी आतून लावलेली आहे. आधी सही करतो. एकदा दार उघडलं की माझा काही भरवसा नाही.

तुझाच,
लेओविहिल्दो