दोनशे चाळीस वल्हेकऱ्यांचं जहाज

मी, सिंधुबाई काशीनाथ गजभिये, वय शहात्तर, निवृत्त वॉर्ड सिस्टर, राहणार नॉटिंगहॅम, हे पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय लिहिते. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर संघर्ष आणि भावना या माझ्या मुलांना समान वाट्याने. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भावनाने करावी.

२. पुढच्या खोलीतलं जहाज. हे सोळाव्या शतकातल्या गॅलिअसचं मॉडेल आहे: शिडं आणि वल्ही दोन्ही असलेली प्रचंड लढाऊ नौका. माझे पती काशीनाथ यांनी ते सुरू केलं. १९९९ मध्ये ते गेले तेव्हा फक्त सांगाडा उभा होता. पुढची आठ वर्षं मी काम केलं. लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलं, एकेक वल्हं पाच-पाच माणसं ओढत, पुष्कळसे साखळदंडात. पुस्तकात तोफांची नावं होती, या माणसांपैकी एकाचंही नव्हतं. म्हणून मी डेक उघडा ठेवला आणि अठ्ठेचाळीस वल्ह्यांवर लाकडात कोरलेली माणसं बसवायला घेतली.

इथल्या मॉडेल क्लबच्या प्रदर्शनाच्या आधी क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "माणसं काढा. लोकांना तोफा बघायच्या असतात."

मी विचारलं, "आणि जहाज लढाईपर्यंत नेलं कोणी?"

संघर्षही म्हणाला, "आई, जाऊ दे ना. बाहुल्या काढल्या तर काय बिघडतं?"

मी जहाज प्रदर्शनात न ठेवता मांडीवर घेऊन बसने घरी आले. संघर्षशी तीन महिने बोलले नाही. मग एका रविवारी तो आला, समोर बसला आणि म्हणाला, "शेवटच्या वल्ह्याचा बाक राहिलाय ना? दे सुरी." त्याने पाच माणसं कोरली. दोघांची तोंडं वाकडी झाली. ती तशीच राहतील.

३. कोरकामाच्या हत्यारांची पेटी भावनाला. हात तिचा चांगला आहे. क्लबला काहीही नाही.

४. जहाज संघर्षला. बाळा, तुम्ही दोघांनी घर विकलंत तरी माझी हरकत नाही. जहाज कुठेही मांड, पण एकही माणूस कमी करून मांडायचं नाही.

५. अंत्यविधीला बुद्धवंदना व्हावी. भाषणं नकोत.

सही करताना खालील दोघे समोर होते. त्यांना यातून चहाशिवाय काहीही मिळालेलं नाही.

(सही) सिंधुबाई काशीनाथ गजभिये
साक्षीदार: मंजिरी ढवळे, अजय मेश्राम
नॉटिंगहॅम, १४ सप्टेंबर २००८