कार्डाच्या मागची बाजू

३ फेब्रुवारी, सोमवार

एक कात्री, खळीची एक वाटी आणि आम्ही दोघी. सहावीची नवी पुस्तकं, माझी इंग्रजी गोष्टींचीही, तपकिरी कागद. मी कव्हरं घालायची, पेन्सिल लेबलं लिहायची. केसांत कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून शाळेतल्या सिस्टरनीच पाडलेलं नाव! लेबलावर नाव, इयत्ता, विषय. आणि कव्हर चिकटवण्याआधी आतल्या बाजूला हळूच एक ओळ – 'ही मुलगी पुस्तक परत देते, पण उशिरा.' सिस्टरना वर्षभर पत्ता नव्हता.

आज आठवलं, कारण साहेबांनी नोटीस लावली. आमचं रुग्णालय, कालव्यापलीकडचा दवाखाना आणि प्रसूतिगृह एक झालंय. आता माहितीही एक करायची. २८ तारखेला रेकॉर्ड रूममधली रुग्णांची जुनी कार्डं कापायच्या यंत्रात जाणार. पुढच्या बाजूचं सगळं केव्हाच संगणकात चढलंय. पण मागच्या बाजूला पेन्सिलचे शेरे आहेत. तीस वर्षं ती इथं रेकॉर्ड रूममध्ये माझ्या समोरच्या टेबलाशी बसली. गेल्या वर्षी गेली. अक्षर तेवढं राहिलंय.

साहेबांना विचारलं. 'शेऱ्यांना रकाना नाही हो, बाई.' झालं!

६ फेब्रुवारी

आज जिना चढताना दोनदा थांबले. पोटात तेच दुखणं. सोनोग्राफीवर भागलं नाही, स्कॅन करा म्हणाले.

दादा गेल्यापासून घरात वहिनी आणि मी. 'वन्सं, टाळाटाळ केलीत तर मीच येईन आणि डॉक्टरांशी भांडेन,' म्हणाली. उभ्या उभ्याच. ही बाई जेवतेसुद्धा उभ्यानं. दादा म्हणायचा, हिला खुर्ची चावते.

११ फेब्रुवारी

तीन ठिकाणची माहिती जोडायला जी संगणकवाली मुलगी आली आहे, तिला घाबरत घाबरत एक कार्ड दाखवलं. मागचा शेरा – 'डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजवीकडे बसून बोला.'

तिनं कितीतरी वेळ वाचलं. 'काकू, असे किती आहेत?'

'अकराशे असतील. पण रकाना नाही ना.'

'रकाना लागतोय कुणाला? वाक्य लागतं.'

मग माझ्याच वहीत लिहून दाखवलं. आधी सहा महिने सगळ्यांनी मिळून एकच मोठा तक्ता ठरवायच्या बैठका घेतल्या आणि भांडून उठले, कारण प्रत्येकाचे रकाने वेगळे. हिची रीत निराळी. कुणाचंच मोडायचं नाही. प्रत्येक गोष्टीचं तीन तुकड्यांचं वाक्य करायचं – कोण, काय नातं, कशाशी. ही बाई – ऐकते – उजव्या कानानं. पुढे नवीन काही कळलं की आणखी एक वाक्य जोडायचं. आधीचं काही हलत नाही. आणि प्रत्येक माणसाला एक पक्का पत्ता, वेबसाइटला असतो तसा. प्रसूतिगृहात माहेरचं नाव, आमच्याकडे सासरचं – नाव बदलो, पत्ता तोच.

शब्दही जुळवायचे. आमचा 'रुग्ण', त्यांची 'माता' – दोन्ही 'व्यक्ती'. एकदा सांगितलं की यंत्र पुढचं आपण होऊन काढतं.

'माता ही व्यक्ती असते, हे यंत्रालाही सांगावं लागतं का गं?' म्हटलं.

खूप हसली! 'यंत्र तरी ऐकतं, काकू.'

शेरा फक्त तपासणाऱ्या डॉक्टरांनाच दिसेल, म्हणाली. कोणी वाचायचं, तेही एक वाक्यच.

सिस्टर निबंध तपासताना म्हणायच्या, मुलींनो, एका वाक्यात एकच गोष्ट. पन्नास वर्षांनी कामी आलं.

१४ फेब्रुवारी

एकशे चाळीस शेरे टाइप करून झाले. बोटं सुजलीत. आजचे काही –

'यांना सुई दाखवू नये. सैन्यातून निवृत्त आहेत, तरीही.'

'नवरा बरोबर असला की "पडले" म्हणते. एकटीला विचारा.'

'मुलगा गेल्याचं दर वेळी सांगतात. दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकावं.'

हा शेवटचा टाइप करून उठले आणि उगाच हात धुऊन आले.

१८ फेब्रुवारी

मोठी चूक केली. दोन म्हाताऱ्या – घर एकच, जन्मतारीख एकच, नावाचं पहिलं अक्षरही एकच. मी खुशाल सांगून टाकलं, ही आणि ती एकच व्यक्ती. निघाल्या जुळ्या बहिणी! यंत्रानं इमानेइतबारे एकीचं सगळं दुसरीला दिलं. आमच्या वॉर्डात हे चाचणीपुरतं आधीच चालू केलंय; नर्सबाई फाइल आपटत आल्या – 'कागदावर हिचं पित्ताशय काढलंय. मग पोटात आहे ते काय, लिंबू?' नशीब, औषध द्यायच्या आधी कळलं.

मुलगी रागावली नाही. 'काकू, सारखं म्हणजे तेच नव्हे. "तेच" म्हणताना शंभरदा विचार करायचा.'

शाळेत आम्हा दोघींना एकच हाक असायची. एकीनं खिडकी फोडली तर दोघी बाकावर उभ्या. दोघींतली एकच उरली तर काय लिहायचं, ते तिला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

२० फेब्रुवारी

स्कॅन झाला, कालव्यापलीकडे. तिथले डॉक्टर तरुण आहेत. मान वर केली नाही. 'रिपोर्ट दहा मार्चला. पुढचे!' म्हणाले. मी अजून खुर्चीपर्यंत पोचलेही नव्हते.

२४ फेब्रुवारी

साडेसातशे. 'मेलेल्या बाईच्या शेऱ्यांपायी जिवंत डोळे फोडून घ्या!' – वहिनी. मग आपणच डोळ्यांत थेंब घातले. उभ्यानंच.

२७ फेब्रुवारी

संपले. मुलगी दोन दिवस माझ्या शेजारी बसून वाचून दाखवत होती, म्हणून जमलं.

शेवटचं कार्ड तिनं वाचलं नाही, नुसतं पुढे केलं. माझं होतं! पंधरा वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला होता तेव्हाचं. मागे –

'हिला बातमी उभ्यानं सांगू नये. आधी बसवावं, पाणी द्यावं. मग सरळ सांगावं. गोल गोल नको.'

नववीत शाळेच्या व्हरांड्यात मला बाबा गेल्याचं सांगितलं होतं. उभ्यानं. मी तिथंच कोसळले; हनुवटीवरची खूण अजून आहे. रक्त पुसलं तो रुमाल पेन्सिलचा होता, परत केलाच नाही. पण तिनं एवढं ध्यानात ठेवलं असेल, हे मला माहीत नव्हतं.

'घालू का हेही?' मुलीनं विचारलं.

मी स्वतःच टाइप केलं.

२८ फेब्रुवारी

दिवसभर कार्डं कापायच्या यंत्राचा आवाज. मी कपाटाकडे पाठ करून बसले.

५ मार्च

तिन्ही ठिकाणची माहिती जोडून झाली, उद्यापासून सगळीकडे दिसेल. साहेबांनी मुलीचं कौतुक केलं, तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. लाजले. घरी येऊन पडून राहिले.

१० मार्च, सोमवार

कालव्यापलीकडचे तेच डॉक्टर संगणकाच्या पडद्याकडे बघत होते. मग उठले. स्वतः खुर्ची ओढली, पाण्याचा ग्लास पुढे केला. 'आधी बसा,' म्हणाले.

पोचलं! पेन्सिलचं वाक्य कालवा ओलांडून पोचलं.

त्यांना पुढे बोलायची गरज नव्हती. तरी बोलले. सरळ. उन्हाळाभर वेळ आहे, म्हणाले.

तर, माझी वाक्यं –

शिवणयंत्र – द्यावं – भाचीला.
गोष्टींची इंग्रजी पुस्तकं – द्यावीत – भाचीच्या मुलीला. कव्हरं काढली तरी फेकू नयेत. आतून वाचायची आहेत.
पेन्सिलचा रुमाल, कपाटात वरच्या खणात – द्यावा – तिच्या मुलाला. उशिरा का होईना.
पेन्सिलची शेवटची पेन्सिल – द्यावी – संगणकवाल्या मुलीला.
ही वही – द्यावी – वहिनीला. आधी बसवावं. पाणी द्यावं.