सतरा डब्यांचा गंज

तीर्थरूप मोठ्या भाऊजींना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते, ही देवाची कृपा. परत सरळ होताना मात्र देवाला दोनदा हाक मारावी लागते.)

आपली तब्येत आता कशी आहे? गुडघ्यासाठी आपण शिडीवर चढणं सोडलंत आणि दुकानांच्या पाट्या आता खाली बसूनच रंगवता, असं जाऊबाईंनी मागच्या पत्रात कळवलं होतं. फार बरं केलंत. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. यांच्या गोळ्या वेळेवर, माझा जप वेळेवर, आणि जिन्यातला दिवा घरमालक बदलत नाहीत तेही नेहमीप्रमाणे. आजवर मी जाऊबाईंना लिहीत आले आणि त्यांच्याकडून आपली खुशाली कळत गेली. आज थेट आपल्यालाच लिहिते आहे, त्याचं आश्चर्य वाटून घेऊ नये. सहज लिहिते आहे. विशेष काही नाही.

आपल्या दोघा भावांचं बोलणं बंद झाल्याला येत्या महिन्यात तीन वर्षं होतील. त्या दिवसाचं मी कुणालाच बोल लावत नाही. यांनी धूळ बसू नये म्हणून आपल्या छंदाच्या छोट्या आगगाडीचं भोजनयान (प्रवाशांच्या जेवणाचा डबा) वेताच्या खुर्चीत ठेवून वर रुमाल पांघरला, ही यांची चूक. आपण प्रवासाने दमून आलात आणि खुर्ची दिसताच टेकलात, ही तर चूकसुद्धा नव्हे. खुर्ची त्यासाठीच असते. आवाज मात्र मी स्वयंपाकघरात ऐकला. पापड मोडल्यासारखा. मग आपण म्हणालात, "खेळण्यापायी मोठ्या भावाला बोलतोस?" आणि हे म्हणाले, "खेळणं म्हणू नकोस." एवढंच झालं. चहासुद्धा कपात तसाच राहिला (तो मी नंतर गरम करून प्यायले, वाया कशाला घालवायचा). दोन वाक्यांवर तीन वर्षं काढायची म्हणजे काटकसर माझ्यापेक्षा तुम्हा भावांनाच जास्त जमते.

असो. सांगायची गोष्ट वेगळीच. यांच्या आगगाड्यांना प्रदर्शनाचं बोलावणं आलं आहे. तासाभराच्या वाटेवर एका शाळेचं सभागृह आहे, तिथे येत्या नव्हे तर त्याच्या पुढच्या शनिवारी. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण कुणी कधी चार माणसांत बोलावून "बसा" म्हटलं नाही. त्यामुळे पत्र आलं त्या दिवशी यांनी दाढी दोनदा केली. मग प्रश्न आला की हे सगळं न्यायचं कसं. चार इंजिनं, एकवीस प्रवासी डबे (भोजनयान धरलेलं नाही) आणि सतरा मालडबे. मी म्हटलं, त्यात काय, चपलांची खोकी आहेत, जुने मोजे आहेत, एकेका मोज्यात एकेक डबा घालू आणि वर चार डांबरगोळ्या टाकू. भाऊजी, मी यांच्या बाळाला पोत्यात भरा म्हटलं असतं तरी यांचा चेहरा इतका पडला नसता. डांबरगोळ्यांनी म्हणे प्लास्टिक मऊ पडतं. मोज्याचा दोरा कठड्यात अडकतो. कठडा म्हणजे काय, तर डब्याच्या दाराशी धरायला जी दांडी असते ती. तिची जाडी माझ्या पांढऱ्या केसाएवढी. अंड्यांचे पुठ्ठे सुचवले तर त्यात डब्याची चाकं अधांतरी राहतात आणि आकडे वाकतात. (एक डबा दुसऱ्याला ज्याने जोडतात तो आकडा. वाकला की डबा घरादारातून तुटल्यासारखा एकटाच मागे राहतो.)

शेवटी बंद केलेल्या दुकानाचे लाकडी खण माळ्यावरून काढले. त्यांत पुठ्ठ्याचे कप्पे केले, तळाला जुन्या दुलईचे तुकडे अंथरले. फळांच्या पेटीत येतो तो पातळ कागद मी वर्षभर इस्त्री करून ठेवते, त्यावर हे आजवर हसत आले. आता तोच एकेका डब्याभोवती आला आणि हसणं बंद झालं. कुठला डबा कुठल्या खणात, कुठल्या कप्प्यात, तोंड कुणीकडे, हे सगळं मी वाण्याच्या वहीत मागच्या पानांपासून लिहून काढलं. दमट हवा लागू नये म्हणून औषधाच्या बाटल्यांत निघणाऱ्या त्या दाणेदार पुड्या प्रत्येक खणात दोन. कारण यांच्या मते डब्याचे शत्रू चार: ऊन, ओल, धक्का आणि नातेवाईक. (चौथा मी लिहिणार नव्हते, पण शाईने लिहिलंय, आता खोडत नाही.)

नेण्याची तालीम तर विचारूच नका. प्रत्येक खण पाण्यासारखा सपाट राहिला पाहिजे, म्हणून यांनी दोन रिकाम्या खणांवर काठोकाठ भरलेला एकेक पेला ठेवला आणि आम्ही दोघं एकेक खण घेऊन जिन्याने तीन मजले उतरलो. माझ्या पेल्यातला थेंब सांडला नाही, कारण मी पायरीगणिक नाम घेत होते. हे पायरीगणिक मला सूचना देत होते. त्यांचा अर्धा पेला एकच मजला उतरेपर्यंत खालच्या शिंप्याच्या उंबऱ्यात. शिंपी म्हणाला, "आजोबा, मंगळसूत्र सांभाळत न्यावं तसं काय नेताय?" टेम्पोवाल्याला आधी गाठून खड्डे दाखवायला यांनी सगळ्या रस्त्याने नेलं. त्याने शेवटी हात जोडले आणि विचारलं, "काका, आत बाळंतीण आहे का?" हे गंभीरपणे म्हणाले, "तिच्याहून नाजूक." त्याने भाडं कमी केलं नाही, पण वेग कमी करायचं कबूल केलं.

आता मधली एक बारीकशी गोष्ट. तालमीनंतर हे सभागृहातली टेबलं मोजायला दोन दिवस मुक्कामी गेले. जाताना म्हणाले, मालडबे तेवढे राहिलेत, ते गुंडाळून ठेव, धूळ असेल तर हलकेच फुंकर मार. मी मॅट्रिकपर्यंत शिकले आहे, भाऊजी. फुंकरीने धूळ जात नाही, जागा बदलते. शिवाय ते डबे मी पहिल्यांदाच उजेडात पाहिले. काय त्यांची दशा! कुठे काळे ओघळ, कुठे तांबूस पुटं, दारांच्या खाली कोळशाची काजळी. चार माणसांत जायचे, आणि हे असे? लोक म्हणतील, घरात बाई आहे की नाही? मी देवाचं आटोपलं, परातीत कोमट पाणी घेतलं, केसांच्या साबणाचे चार थेंब टाकले आणि दाढीच्या मऊ ब्रशाने सतराच्या सतरा डबे न्हाऊ घातले. कठडा मोडला नाही, आकडा वाकला नाही. पाणी मात्र असं निघालं की त्यात लाल माती कालवली असावी. डबे असे चमकले की मला स्वतःचाच अभिमान वाटला. ओल राहू नये म्हणून पंख्याखाली पूर्ण दिवस वाळवले, कागदात गुंडाळले, खण बंद केले, सुतळीने बांधले, गाठीवर लाख लावली. हे परत आले आणि त्यांनी विचारलं, "डबे नीट ठेवलेस ना?" मी म्हटलं, "अगदी स्वच्छ."

त्याच संध्याकाळी यांना प्रदर्शनाच्या चिटणिसांचा फोन आला. मी शेजारीच शेंगा निवडत होते. हे सांगत होते की, प्रवासी डबे सगळ्यांकडेच असतात हो, तुम्ही माझे मालडबे बघा. पावसाने कुठे गंजेल, कोळसा कुठून सांडेल, हात लागून रंग कुठे उडेल, एकेका डब्यावर खडूची पूड आणि काजळी कोरड्या ब्रशाने बसवलेली आहे. दोन हिवाळे लागले. वर रंग पक्का धरणारं रोगण नाही, म्हणून मी बोटसुद्धा लावत नाही. मग म्हणाले, "हात मोठ्या भावाचा आहे. तसा गंज दुसऱ्या कुणाला चढवता येत नाही." माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

भाऊजी, मी देवापुढे रोज बसते. खोटं कधी बोलले नाही आणि त्या दिवशीही बोलले नाही. "स्वच्छ" हा शब्द शंभर टक्के खरा होता. पण तेव्हापासून नऊ दिवस झाले, माळ ओढताना एकशेआठ मणी सतरापाशी येऊन अडतात. हे खण आता उघडणार नाहीत. उगाच हाताळायला नको, थेट सभागृहातच उघडू, असं यांनी ठरवलं आहे. म्हणजे चार माणसांत, चिटणिसांसमोर, "हात मोठ्या भावाचा आहे" असं म्हणत हे कागद उलगडतील, आणि आतून निघेल माझा हात. तीन वर्षं यांनी आपल्याला एक ओळ लिहिली नाही, पण आपण चढवलेला गंज जपला. तो मी केसांच्या साबणाने घालवला.

बाकी सर्व ठीक. जाऊबाईंना नमस्कार. थंडी वाढते आहे, गुडघ्याला लोकरीचं बांधत जावं.

आपली,
धाकटी भावजय

ता.क. विशेष काही नाही असं वर लिहिलं आहे, ते मागे घेते. आपण बारीक ब्रश घेऊन प्रदर्शनाआधीच्या बुधवारपर्यंत यावं, ही हात जोडून विनंती. हे रोज पाच ते साडेसहा फिरायला जातात. तेवढ्या वेळात रोज सहा डबे धरले तर तीन दिवसांत सतरा होतात (एकाची सवड उरते, चहासाठी). तोवर आपण शिंप्याच्या खोलीत उतरावं. मी त्याला विचारून ठेवलं आहे. लाखेची काळजी नको, उरलेली कांडी माझ्याकडे आहे.

दुसरा ता.क. रंगाचा खर्च करू नये. दिव्याची काजळी मी धरून ठेवली आहे, विटेची पूड वस्त्रगाळ करून बाटलीत भरली आहे. खरा गंज हवा असल्यास म्हणून जुना तवा चार दिवस ओला करून गच्चीत ठेवला, पण तो गंजत नाही. माझी भांडी तशी नाहीत.

तिसरा ता.क. घोटाळा झाला. पत्र टपालात टाकायला हे निघाले आणि पाकीट हातावर तोलून म्हणाले, "दादाला? एवढं जड?" आता समोरून विचारल्यावर मी काय करणार. सगळं वाचून दाखवलं, शिंप्याच्या खोलीसकट. यांनी पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाले, आलो त्याच दिवशी कळलं होतं. खणांना केसांच्या साबणाचा वास येत होता. मी म्हटलं, मग नऊ दिवस गप्प का? तर म्हणे, "डबे काळे करायला दादाला बोलवावंच लागणार होतं. आधी कोण लिहितं, ते बघत होतो." म्हणजे मी नऊ दिवस माळ ओढत होते आणि हे माझी वाट बघत होते! दोन दिवस मी यांच्याशी बोलणार नाही, असं ठरवलं आहे. (तिसऱ्या दिवशी टेम्पोवाला विसार घ्यायला येणार, तेव्हा बोलावं लागेल.) तर आपण उजळ माथ्याने, थेट आमच्या दारात यावं. सोळाच डबे रंगवायचे आहेत. सतरावा धुतलेलाच ठेवायचा, असं यांचं म्हणणं. कारखान्यातून नुकताच आलेला एखादा नवा डबा प्रत्येक मालगाडीत असतोच म्हणे. हे खरं की माझी समजूत घालायला, ते आपण आल्यावर मला खासगीत सांगावं.

खाली यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे. तीन वर्षांत पहिली, म्हणून जागा सोडते:

दादा, वेताची खुर्ची तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. तरी बघून बस.