रिंग आणि दांडी

३ फेब्रु., मंगळ
एनएमआरचा आलेख, म्हणजे रेणूंची ओळखपरेड, परत तोच. रिंगचे पीक जागच्या जागी, दांडीचेही. दोघी एका नळीत, पण ओळखदेख नाही. तीन महिने हेच. गाईड सर म्हणाले, "महिनाअखेरच्या मीटिंगपर्यंत बघ. नाहीतर बॅटरीचा विषय घे." पीएचडीचं चौथं वर्ष, त्यांचंही बरोबर. पण हा विषय मी हट्टानं मागून घेतलेला. बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

५ फेब्रु., गुरु
नाश्त्याला बाबा : "नक्की अडलंय काय?" सांगितलं. क्राउन ईथर म्हणजे रिंग, आतल्या बाजूला ऑक्सिजन. दांडीच्या मध्यावर धन भार. ऑक्सिजन त्याला ओढतात, म्हणून नुसतं एकत्र विरघळवलं की दांडी आपसूक आत शिरायला हवी. मग दोन्ही टोकांना जाडजूड गट बसवायचे, रिंग कायमची अडकली.
बाबा म्हणाले, "म्हणजे नाडी आपोआप ओवली जाणार, तू फक्त गाठी मारायच्या."
आई : "हौ, आणि तीन महिने नाडी बाहेरच." तिला नांदेड सोडून तीस वर्षं झाली, जीभ पक्की हैदराबादी.

९ फेब्रु., सोम
श्रीलताशी भांडण. लॅबमध्ये शेजारच्या हूडवर, वाफा ओढणाऱ्या कपाटावर, असते, मला सीनियर. म्हणाली, "तुझी रिंग ठेव बाजूला, माझ्याकडची विकतची घालून बघ ना." मी म्हटलं, नक्को. माझी रिंग मी बनवलीय, मशीनवर मास, म्हणजे रेणूचं वजन, काढलाय, शुद्ध आहे. "हौ, मग बस तशीच." दिवसभर अबोला. चूक माझीच, पण आज कबूल करणार नाही.

११ फेब्रु., बुध
तिला खोटं पाडायचं म्हणून विकतची घातली. (बाटली तीच न बोलता माझ्या टेबलावर ठेवून गेली होती.) दांडी तीच, द्रावक तोच. एनएमआरमध्ये पीकचा नवा संच. शिरली. आनंद व्हायच्या आधीच लक्षात आलं. म्हणजे खोट माझ्या रिंगमध्ये.

१२ फेब्रु., गुरु
सापडलं. मासमधला सगळ्यात उंच पीक : रिंगचं वजन अधिक ३९. ३९ म्हणजे पोटॅशियम. तेव्हाच दिसला होता. पण मशीनमध्ये सोडियम-पोटॅशियम कुठूनही चिकटतं, सगळेच सोडून देतात, मीही सोडला. आणि रिंग बनवली होती ती पोटॅशियमभोवतीच वळवून. तशीच बनवतात, नंतर ते काढतात. मी काढलंच नाही. यील्ड, म्हणजे हाती आलेला माल, शंभर टक्क्यांच्या वर आला (जादा वजन पोटॅशियमचं), तर वहीत शेजारी हसरा चेहरा काढलाय. गाढव. आत जागाच नव्हती आणि मी तीन महिने दांडी बदलत बसले.

१६ फेब्रु., सोम
रिंग पुन्हा विरघळवून पाण्यानं पाच वेळा धुतली, कॉलममधून गाळून शुद्ध केली. यील्ड बराच खाली आला. कमी यील्ड बघून जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं. दांडी घातली. शिरली. माझ्या रिंगमध्ये. श्रीलताला हाक मारली. स्क्रीनवरचे नवे पीक तिनं बोटानं मोजले, मग, "अय्यो, एवढंच होतं?" सॉरी म्हटलं. आबिड्सला जाऊन चहा, उस्मानिया बिस्किटं. खूप हसलो.

२० फेब्रु., शुक्र
गाठी मारायची रिॲक्शन लावली. नळीवर तारीख दोनदा लिहिली, उगाचच.

२७ फेब्रु., शुक्र
मीटिंग. श्रीलता सकाळी म्हणाली, नुसतं 'रिंग नव्यानं शुद्ध केली' म्हण, कोण विचारतंय. खरंच कोणी विचारलं नसतं. तोंड उघडेपर्यंत तेच म्हणायचं ठरवलं होतं. पण ३९चा पीक दाखवला, सगळं सांगितलं. सरांनी ती स्लाइड पुन्हा लावायला सांगितली. "तीन महिने." "हो सर." मग म्हणाले, "ही स्लाइड नव्या मुलांना दाखव." गाठी धरतात का, ते गरम करून बघायला सांगितलं. दोन दिवस गरम ठेवून रिंग निसटली नाही, तर विषय चालू. बॅटरीचं नाव काढलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

२८ फेब्रु., शनि
नळी सकाळी नऊला गरम तेलात ठेवली. दुपारचा एनएमआर : रिंग आतच. पण खरं कळायचं ते परवा सकाळी. श्रीलता म्हणाली, घरी जा, तापमान मी बघते. आईचे दोन फोन, घरची, कुकटपल्लीची बस गेली. अजून स्टुलावरच बसलेय. निसटली तर आणखी जाड गट बसवू, तेवढा वेळ सरांकडे मागेन. मागायची लाज वाटणार नाही आता.