हलकं केलेलं चाक

६ जाने.
संतोषनं, माझ्या धाकट्या दिरानं, जत्रेतली ट्रॅक्टरची शर्यत मारली. कशी ते आज कळलं. इंजिनचं फ्लायव्हील, ते जड चाक, लेथवर कापून चांगलंच हलकं करून आणलं गड्यानं. म्हणे, "वहिनी, पाय ठेवला की पळतं." पळतं खरं. हे असते तर हात लावू दिला नसता. खूष होता, म्हणून ओवाळलं त्याला.

९ जाने.
ऊस तोडाया टोळी आली. भरली ट्रॉली काढाया मीच बसले. क्लच सोडला की बंद. रेस वाढवून सोडला, गचका देऊन बंद. सहाव्यांदा हाललं.
ते जड चाक फिरता फिरता जोर धरून ठेवायचं, ओझं तोच हलवायचा. जात्याचा वरचा दगड जड, म्हणून दाणे पडले तरी फिरत राहतो. हलका असता तर पहिल्या मुठीलाच अडला असता. एवढं तरी कळायचं होतं त्याला.

१० जाने.
कॅनॉलच्या चढावर निम्म्यात बंद पडलं. ट्रॉली मला घेऊन मागं निघाली. टोळीतल्या बाईनं चाकामागं दगड टाकला, म्हणून आज लिहून राह्यले.
टोळीदेखत संतोषला बोलले, "तुझ्या भावाची एवढी एकच वस्तू राहिली होती, ती पण कापून आलास. चाक घेऊन ये, न्हाईतर तोंड दाखवू नको."
न जेवता गेला. जाऊ दे.

१३ जाने.
हे मॉडेलच बंद झालंय, नवीन फ्लायव्हील कुठंच न्हाई. लेथवाला म्हणला, कापलेलं परत जोडलं तर फिरताना फुटंल. संतोष जालन्यात भंगार धुंडून राह्यला. फोनवर म्हणे, जुनी ट्रॅक्टरं सगळी भट्टीत जातात, सळ्या होऊन निघतात. घरी ये म्हणायचं होतं. पण म्हणले न्हाई.

१९ जाने.
कुणाचं ट्रॅक्टर मोकळं न्हाई, ज्याला त्याला आपला ऊस. आपली टोळी पुढच्या गावाला गेली. अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्यानं दिवसभर दुसऱ्याच्या ट्रॉल्या.

४ फेब्रु.
उसाला तुरे आले, आतून पोकळ पडाया लागला. संतोषचा फोन बंद. सासूबाई रोज विचारतात, आला का.

११ मार्च
थोडा ऊस जनावरांना, बाकी पेटवून दिला.
गावातल्या एकानं संतोषला बघितलं म्हणला, म्हणून जालन्याला गेल्ते. एका भट्टीच्या आवारात भंगार निवडायच्या कामाला लागलाय. इतका काळा पडलाय, आधी ओळखलाच न्हाई. भट्टीत जायच्या आधी सगळं लोखंड त्याच्या हाताखालून जातं, म्हणून हे काम धरलं म्हणे.
म्हणले, ऊसच राहिला न्हाई, चाकाचं काय करू? घरी चल. चुकलं माझं, ते पण म्हणले.
"तुम्हीच सांगितलं होतं वहिनी. चाक घेऊनच येतो." आवाजात राग न्हाई. राग असता तर बरं झालं असतं. भाकरी घेतली, आणि परत ढिगाकडं.

१२ मार्च
रडून झालं. ट्रॅक्टर चालू करून बघितलं, रिकामंच. पाय ठेवला की पळतं, संतोष म्हणला होता तसंच.